विश्लेषण : रुग्णाचा धर्म वेगळा, अध्यात्म वेगळे… फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ही रेघ कशी आखली?

रुग्णालयात दाखल होताना भरायच्या कागदांत अनेक ठिकाणी धर्माचा रकाना असतो. तो भरला की रुग्णाच्या श्रद्धेची नोंद झाली, असे मानले जाते. उपवासाचे दिवस, खाण्यातली पथ्ये, मृत्यूनंतरचे विधी यांसाठी या रकान्याचा उपयोग होतोही. पण आपल्याच वाट्याला हे दुखणे का आले, आता मागे राहणाऱ्यांचे काय, आजवर जगलो ते कशासाठी, हे प्रश्न रुग्णाला पडतात तेव्हा त्या रकान्यातून काहीच कळत नाही. कारण हे प्रश्न देव मानणाऱ्यालाही पडतात आणि न मानणाऱ्यालाही. आरोग्यसेवेत ‘धर्म’ आणि ‘अध्यात्म’ वेगळे धरण्याची चर्चा गेल्या चार-पाच दशकांत वाढली असली, तरी तिची मुळे आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यात सापडतात. दिवा घेऊन फिरणाऱ्या बाईंची कथा शाळेच्या पुस्तकात असते. समित्यांशी, पाद्र्यांशी आणि नन्सशी भांडणाऱ्या नाइटिंगेल त्या कथेत नसतात.

घरातला धर्म कोणता होता?

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव त्यांना मिळाले. कुटुंब श्रीमंत इंग्रज. डर्बीशायर आणि हॅम्पशायरमध्ये दोन मोठी घरे. आईचे वडील विल्यम स्मिथ हे गुलामगिरीविरोधी खासदार आणि युनिटेरियन पंथाचे, म्हणजे ख्रिस्ताचे ईश्वरत्व न मानणाऱ्यांपैकी. घरची मंडळी मात्र चर्च ऑफ इंग्लंडमध्ये जात. म्हणजे एकाच घरात श्रद्धेचे दोन सूर होते. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले.

७ फेब्रुवारी १८३७ रोजी, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याआधी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली, असा अनुभव त्यांना आला. ही नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आणि ती तारीख त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. सेवा म्हणजे नेमके काय, हे कळायला पुढे काही वर्षे गेली. रुग्णालयात काम करायचे ठरल्यावर घरातून कडाडून विरोध झाला, कारण त्या काळच्या इंग्लंडमध्ये रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, दारू पिणारी बाई अशीच समजूत होती. शिकलेल्या स्त्रीला रुग्णसेवा करायची तर वाट एकच होती, धार्मिक संघात जाण्याची.

ती वाट त्यांनी तपासून पाहिली. १८४७-४८ च्या हिवाळ्यात रोममध्ये एका कॅथलिक मठात त्यांनी काही दिवस एकांतात काढले. कॅथलिक होण्याचा विचारही पुढे त्यांच्या मनात येऊन गेला. पण चर्चची सर्वोच्च सत्ता मान्य करणे त्यांना जमणारे नव्हते. १८५० मध्ये आणि पुन्हा १८५१ मध्ये त्या जर्मनीतील कैसरवर्थ येथे, पास्टर फ्लिडनर यांच्या प्रोटेस्टंट सेविकांच्या संस्थेत राहिल्या. दुसऱ्या खेपेस तीन महिने. तिथल्या माणसांचे समर्पण त्यांना थक्क करणारे वाटले. तिथली शुश्रूषा शून्य आणि स्वच्छता भयंकर होती, असे मात्र त्यांनी उतारवयात स्पष्टपणे लिहून ठेवले. भक्तिभाव उत्तम असला म्हणून जखम नीट धुतली जाईलच असे नाही, हे त्यांना तिथेच दिसले असावे.

हार्ले स्ट्रीटवर वाद कशावरून झाला?

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका छोट्या रुग्णालयाची सूत्रे नाइटिंगेल यांच्याकडे आली. परिस्थितीने गांजलेल्या सुशिक्षित स्त्रियांसाठी ते चालवले जात होते. व्यवस्थापन समितीचा आग्रह होता, की रुग्ण चर्च ऑफ इंग्लंडचेच हवेत; कॅथलिक नकोत. नाइटिंगेल यांनी समितीला सरळ नमस्कार केला. कॅथलिकच काय, ज्यू रुग्णही घेतले जातील आणि त्यांना भेटायला त्यांचे रब्बी येतील, हे मान्य असेल तरच आपण राहू, असे त्यांनी सांगितले.

समिती नमली, पण अट घालून. सर्व पंथांच्या रुग्णांना प्रवेश मिळेल आणि त्यांचे धर्मगुरूही येऊ शकतील, असे नियमातच छापले गेले. मात्र परक्या पंथाचा धर्मगुरू आला की नाइटिंगेल यांनी स्वतः त्याला दारात गाठायचे, वर न्यायचे, भेट संपेपर्यंत तिथेच थांबायचे, दुसऱ्या कोणा रुग्णाशी तो बोलणार नाही याची हमी घ्यायची आणि पुन्हा रस्त्यावर नेऊन सोडायचे. एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या अटीची यथेच्छ टिंगल केली आहे.

टिंगल बाजूला ठेवली तर त्या तडजोडीत आजच्या रुग्णालयांनाही उपयोगी पडेल असे एक तत्त्व आहे. रुग्णाने आपला धर्मगुरू मागितला तर तो मिळालाच पाहिजे. पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मागितलेला नसताना तो त्याच्या उशाशी जाता कामा नये. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, त्याला उठून जाता येत नाही. त्यामुळे त्याच्यासमोर केलेला धर्मोपदेश हा रस्त्यावरच्या उपदेशासारखा नसतो. इतरांची श्रद्धा बदलण्यासाठी रुग्णालय ही जागा नव्हे, हा नियम इथून पुढे नाइटिंगेल यांच्या प्रत्येक कामात दिसतो.

स्कुटारीत नन्सशी खटके का उडाले?

क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल वृत्तपत्रांतून गाजू लागले, तेव्हा युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ऑक्टोबर १८५४ मध्ये तुर्कस्तानात स्कुटारीला निघाल्या. ते ठिकाण म्हणजे आताच्या इस्तंबूलमधील उस्कुदार. सोबत ३८ स्त्रिया होत्या: १० कॅथलिक नन्स, मिस सेलन यांच्या अँग्लिकन संघाच्या ८, सेंट जॉन्स हाउसच्या ६ आणि उरलेल्या १४ रुग्णालयांतील पगारी परिचारिका. या यादीवरूनच इंग्लंडात वादळ उठले. कॅथलिकांचा छुपा शिरकाव होतो आहे, असे काहींना वाटले. नाइटिंगेल स्वतः नेमक्या कोणत्या पंथाच्या, यावर वृत्तपत्रांत पत्रे छापली जात होती. शेवटी हर्बर्ट यांच्या पत्नीला त्या चर्च ऑफ इंग्लंडच्याच असल्याचा निर्वाळा द्यावा लागला. त्या कोणत्या पंथाच्या असे विचारल्यावर एका आयरिश पाद्र्याने बायबलमधील परोपकारी शोमरोनी माणसाचे नाव घेतले होते. तो पंथ फार दुर्मीळ आहे, असेही तो म्हणाला म्हणे.

निघण्यापूर्वीच नियम ठरला होता. शुश्रूषेच्या कामात नन्स आपल्या मठप्रमुखांच्या नव्हे, तर नाइटिंगेल यांच्या हुकमात राहतील. आणि धर्माविषयी बोलायचे झाले तर फक्त स्वतःच्या पंथाच्या रुग्णाशी. बर्मंडसी मठाच्या मदर मेरी क्लेअर मूर यांनी हे पाळले. त्या नाइटिंगेल यांच्या आयुष्यभराच्या मैत्रीण झाल्या.

डिसेंबर १८५४ मध्ये मेरी स्टॅन्ली यांच्यासोबत दुसरी तुकडी आली, तीत मदर फ्रान्सिस ब्रिजमन यांच्या नेतृत्वाखाली आयरिश नन्स होत्या. ब्रिजमन यांनी नाइटिंगेल यांचा अधिकार मान्य केला नाही. त्यांची बाजू पोकळ नव्हती. आयर्लंडमध्ये कॉलऱ्याच्या साथीत काम केलेल्या या नन्स शुश्रूषेत तरबेज होत्या. ब्रिटिश फौजेत आयरिश कॅथलिक सैनिक मोठ्या संख्येने होते आणि मरणाऱ्या माणसाच्या आत्म्याची तयारी करून घेणे हा या नन्सच्या दृष्टीने शुश्रूषेचाच भाग होता. तो वगळला तर आपण इथे आलोच कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. नाइटिंगेल यांच्या दृष्टीने मात्र एका दालनात शंभर माणसे मरत असताना कोणाची परिचारिका कोणत्या धर्माची प्रार्थना म्हणते आहे यावर भांडणे सुरू झाली, तर शुश्रूषाच थांबणार होती. प्रोटेस्टंट पाद्री नन्सवर धर्मांतराचे आरोप करत होतेच. ब्रिजमन यांच्या नन्स पुढे बालाक्लाव्हाच्या रुग्णालयात गेल्या आणि १८५६ च्या वसंतात, नाइटिंगेल यांचा अधिकार तिथवर वाढवला गेल्यावर, मायदेशी परतल्या. या झगड्यात नाइटिंगेल यांची भाषा अनेकदा बोचरी आणि कॅथलिक पुरोहितांविषयी पूर्वग्रहाची होती, हेही नोंदवायला हवे.

सैनिकाच्या मनासाठी काय केले?

धर्मोपदेशावर मर्यादा घालणाऱ्या या बाईंनी सैनिकांच्या मनाकडे मात्र कोणत्याही पाद्र्यापेक्षा जास्त लक्ष दिले. मरण पावलेल्या सैनिकांच्या घरी त्यांनी पत्रे लिहिली. शेवटच्या क्षणी तो काय म्हणाला, कोणाची आठवण काढत होता, हे आईला किंवा बायकोला कळवले. बरे होत असलेल्यांसाठी वाचनाच्या खोल्या सुरू केल्या. इंग्लिश सैनिक म्हणजे दारुडा पशू, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांना हे लाड वाटत होते. सैनिकांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून त्यांनी सोय केली आणि तीच सरकारने पुढे उचलली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ७१ हजार पौंड मायदेशी गेले. आपल्यावर कोणीतरी अवलंबून आहे आणि आपण अजून त्यांच्या उपयोगी पडतो, ही भावना खाटेवरच्या माणसाला किती धरून ठेवते, याचा तो पुरावाच होता.

त्याच स्कुटारीत फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात चाळिसाच्या वर गेले होते. मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि प्रमाण झपाट्याने घसरले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, हे युद्धानंतर विल्यम फार यांच्यासोबत आकडे तपासताना नाइटिंगेल यांच्या लक्षात आले.

मग त्या अश्रद्ध होत्या का?

मुळीच नाही, आणि या चरित्रातला सर्वांत रोचक भाग हाच आहे. १८६० मध्ये त्यांनी ‘सजेशन्स फॉर थॉट’ हा तीन खंडांचा, ८२९ पानांचा ग्रंथ मोजक्या प्रती काढून खासगीरीत्या छापला. पहिला खंड चर्चकडे पाठ फिरवलेल्या इंग्लंडच्या कामगारांना उद्देशून होता. जॉन स्टुअर्ट मिल आणि बेंजामिन जॉवेट यांनी तो वाचला. मिल यांचे मत प्रसिद्ध करावा असे, तर जॉवेट यांचे बरेच बदल करावेत असे. नाइटिंगेल यांच्या हयातीत तो सर्वांसाठी प्रसिद्ध झालाच नाही. ग्रंथ पसरट आहे, पुनरुक्ती भरपूर आहे. पण मुद्दा पक्का आहे: ईश्वर नियमांतून काम करतो आणि ते नियम शोधणे व त्यांप्रमाणे वागणे हीच त्याची उपासना. शहराचे सगळे सांडपाणी थेम्समध्ये सोडायचे आणि चर्चमध्ये जाऊन रोगराईपासून वाचव अशी प्रार्थना करायची, हे त्यांना विचित्र वाटे. गटार बांधणे हीच त्यांच्या लेखी त्या प्रार्थनेची पूर्तता.

दुसरीकडे त्या संत तेरेसा, क्रॉसचे संत जॉन अशा मध्ययुगीन व त्यानंतरच्या गूढवादी संतांचे लेखन मनापासून वाचत होत्या. यांतली पुस्तके त्यांना मदर क्लेअर मूर यांच्याकडून मिळत. १८७० च्या दशकात या संतांच्या लेखनाचा संग्रह करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ते अपुरेच राहिले. ईश्वर आत शोधायचा आणि तो सापडला की बाहेर येऊन कामाला लागायचे, असा त्यांचा कल होता. कर्मकांड आणि पंथ यांना त्यात फारशी जागा नव्हती. कर्मात ईश्वर पाहणाऱ्या वारकरी परंपरेशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटणार नाही. नाइटिंगेल मात्र तिथवर स्वतःच्या वाटेने पोहोचल्या.

शुश्रूषेच्या पुस्तकात मनाविषयी काय आहे?

‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे त्यांचे छोटे पुस्तक १८५९-६० च्या सुमारास आले आणि हातोहात खपले. त्यात धर्म जवळजवळ नाही. हवा, उजेड, अन्न, आवाज यांच्यासोबत त्यात रुग्णाच्या मनाचे बारीक निरीक्षण आहे. भीती, अनिश्चितता, वाट पाहणे, अचानक काही होईल याची धास्ती या गोष्टी कष्टांपेक्षा रुग्णाला जास्त पोखरतात, असे त्या सांगतात. रुग्णाला खिडकीतून बाहेरचे दिसू द्यावे. फुले, रंग, बदलते दृश्य हा चैनीचा भाग नव्हे, तर बरे होण्याचा भाग आहे. दीर्घ आजाऱ्याला एखादा छोटा प्राणी सोबतीला चांगला.

यातले एक प्रकरण विशेष आहे. भेटायला येणारे लोक ‘होशील हो बरा’ छापाचे पोकळ दिलासे देतात, त्याने रुग्ण अधिक एकटा पडतो, असे त्या त्यात लिहितात. आपल्या दुखण्याचे खरे स्वरूप त्याला ठाऊक असते. समोरच्याने ते ऐकूनच घ्यायचे नाही असे ठरवले की त्याला बोलायला कोणी उरत नाही. आज ज्याला आध्यात्मिक सेवा म्हणतात तिची पहिली पायरी, म्हणजे ऐकून घेणे, ती इथे धर्माचा उल्लेखही न होता आली आहे. नाइटिंगेल यांना हे बाहेरून कळलेले नव्हते. क्रिमियात जडलेल्या तापाने (बहुधा ब्रुसेलोसिस) त्या १८५७ पासून अनेक वर्षे खाटेवरच होत्या आणि तिथूनच काम करत होत्या.

परिचर्या शाळा चर्चपासून वेगळी का ठेवली?

क्रिमियानंतर जनतेने दिलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षण शाळा सुरू झाली. ती कोणत्याही धार्मिक संघाशी जोडलेली नव्हती. परिचारिका व्हायला शपथ, व्रत किंवा विशिष्ट पंथ लागणार नव्हता. पगार मिळणार होता, शिक्षण मिळणार होते. मात्र काम हे आतून आलेली हाक समजून करावे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १८७२ पासून शिकाऊ परिचारिकांना त्या जी पत्रे लिहीत, ती ख्रिस्ती भक्तिभावाने ओतप्रोत आहेत. संस्था पंथनिरपेक्ष, पण संस्थापकांची भाषा बायबलची! ही ओढाताण त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत मिटली नाही. त्यांनी रेघ आखली ती रुग्णाच्या खाटेभोवती. स्वतःच्या मनात त्यांनी तशी रेघ कधीच ओढली नव्हती.

भारताशी त्यांचा संबंध कसा आला?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत, तरी तीसहून अधिक वर्षे भारताच्या आरोग्यावर लिहीत राहिल्या. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याविषयीच्या रॉयल आयोगाच्या १८६३ च्या अहवालात हजारामागे ६९ मृत्यूंचा आकडा आला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांकडे वळले. मुंबई इलाख्यातील ग्रामस्वच्छतेच्या प्रश्नावर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये लंडनहून निघालेल्या चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी इंग्लंडातील बकिंगहॅमशायरमध्ये घरोघरी जाऊन आरोग्य शिकवणाऱ्या स्त्रियांची योजना त्यांनी आखली. या स्त्रियांना नाव दिले ‘हेल्थ मिशनर’. धर्मप्रचारकांचा शब्द घेऊन त्यात पाणी, हवा आणि स्वच्छता भरली.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबेमधील दफनाचा प्रस्ताव त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबाने नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावातल्या त्यांच्या कबरीवर फक्त आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूची नोंद आहे.

आजची व्याख्या काय सांगते?

नाइटिंगेल यांच्याच शाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकलेल्या सिसिली साँडर्स यांनी पुढे १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभे केले. मरणासन्न रुग्णाची वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चारपदरी असते, ही त्यांची मांडणी. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. पण कोणताही धर्म न मानणाऱ्या रुग्णालाही आयुष्य निरर्थक गेल्याचे दुःख होते आणि तेही आध्यात्मिक दुःखच, असे त्या मानत. या विचारातून जगभर हॉस्पिस उभी राहिली. भारतातले पहिले, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झाले.

अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २००९ मधील सहमती परिषदेने केलेली व्याख्या आज सर्वाधिक वापरली जाते. माणूस जगण्याचा अर्थ आणि हेतू कसा शोधतो आणि स्वतःशी, इतरांशी, निसर्गाशी व जे त्याला पवित्र किंवा मोलाचे वाटते त्याच्याशी कसा जोडलेला असतो, ते म्हणजे अध्यात्म. धर्म हा तिथे पोहोचण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. मराठीत अडचण शब्दाचीच आहे. ‘अध्यात्म’ म्हटले की प्रवचन, पारायण आणि सद्गुरू आठवतात. त्यामुळे रुग्णालयात आध्यात्मिक सेवा म्हटल्यावर भजनाची ध्वनिफीत लावून काम झाले, असे समजले जाण्याचा धोका आहे. भजन ज्याला हवे त्याला जरूर मिळावे. पण ते कोणाला हवे आहे, हे आधी विचारावे लागते. अजून काय बाकी राहिले असे वाटते, कोणाला भेटायचे आहे, कशाची भीती वाटते, हे प्रश्न परिचारिकेला कोणत्याही धर्माच्या रुग्णाला विचारता येतात.

जागतिक पातळीवर मात्र एकमत झालेले नाही. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आरोग्याला आध्यात्मिक परिमाण असल्याचे ठरावाने मान्य केले. १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यकारी मंडळापुढे आरोग्याच्या मूळ व्याख्येतच शारीरिक, मानसिक आणि सामाजिक या शब्दांसोबत ‘आध्यात्मिक’ हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला. १९९९ च्या सभेत तो स्वीकारला गेला नाही. १९४८ मध्ये लागू झालेली व्याख्या आजही तशीच आहे.